ब्रेक मारला की भूक लागायची

गोंदियात मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडीला काय झालं, हे तो विचारत नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, तोंडातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, या गालातून त्या गालात सरकवतो आणि मग म्हणतो, "इसको पहले किसने हाथ लगाया?" आपण गाडी घेऊन आलोय की गुन्हा कबूल करायला आलोय, हेच क्षणभर कळत नाही.

या प्रश्नाचा मला फार राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, ते गेल्या पोळ्यापासून सांगावं लागेल.

माझा बारदान्याचा धंदा आहे, म्हणजे धान भरायच्या पोत्यांचा. दुकान गोंदियाच्या बाजारात, घर फुलचूरला, आणि आमची धानाची, म्हणजे भाताची शेती तिरोड्याच्या रस्त्याला. शेत पक्क्या रस्त्यापासून बरंच आत आहे. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवरून जावं लागतं आणि पाळ इतकी अरुंद की ऑटोवाला तिच्याकडे बघूनच परत फिरतो. पाळ संपली की एकदम उतार लागतो आणि उताराच्या पायथ्याशी आमची बोडी आहे, शेताला पाणी देणारा छोटा तलाव. तेव्हा आमच्या शेतावर जायचं तर मोटारसायकल हवी, आणि मोटारसायकलला ब्रेक हवा.

बाबा माझ्या मागे बसून शेतावर येतात. आठवड्यातून एकदा, बाजार बंद असतो त्या दिवशी. त्यांचे गुडघे गेलेत, पण गाडीवर बसण्याचा थाट अजून गेलेला नाही. दोन्ही पाय दोन बाजूंना, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात काठी आडवी धरलेली. समोरून येणाऱ्यानं आपापलं बघून घ्यावं. शेतात त्यांच्या हाताला आता काम उरलेलं नाही. ट्रॅक्टर येतो, रोवणीला बाया येतात, कापायला यंत्र येतं. बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे राहतात आणि धान पाहतात. तासभर नुसतं धानाकडे पाहत उभा राहणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. मी विचारायचो, "बाबा, काय पाहून राहिले?" तर म्हणायचे, "ते मले पाहून राहिलं, म्हून मी त्याले पाहून राहिलो."

बैलजोडी विकून काही वर्षं झाली. आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. त्या कोठ्यात जिथं बैल बांधायचे, तिथं आता माझी मोटारसायकल उभी असते. गव्हाणीत हेल्मेट. बाबांची खाट पूर्वी कोठ्याच्या दाराशी असायची, ती अजून तिथंच आहे. जागा बदलायला ते तयार नाहीत.

बैल गेले तरी पोळा यायचा राहत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, दुसऱ्या दिवशी त्यांना सजवून तोरणाखाली नेतात. आमच्याकडे आता शेकायला खांदे नाहीत. तरी बाबा त्या दिवशी सवयीनं पळसाच्या फांद्या घेऊन आले, दाराला लावल्या, आणि संध्याकाळभर कोठ्यात एकटेच बसून राहिले. मला वाईट वाटलं. आत जाऊन काही बोलावं असं वाटलं. बायको पुरणाला लागली होती, मी तिला डाळ वाटून दिली.

पोळा झाला आणि गाडीचा पुढचा ब्रेक ढिला पडला.

ढिला म्हणजे कसा, तर मूठ आवळली की गाडी थोडा विचार करायची आणि मग थांबायची. त्याबरोबर आणखी एक गंमत सुरू झाली. ब्रेक मारला की मला भूक लागायची. चौकात गाडी थांबली की कुठून तरी छान वास यायचा, तव्यावर पोळीवर तूप सोडल्यासारखा. सणाचे दिवस. पोळा झाला, मग गणपती बसले. घरोघरी काहीतरी शिजत असतं, त्यातलाच एखादा वास असणार असं मी धरून चाललो. वास आला की समोसा आठवायचा, आणि समोशाचं दुकान तर गोंदियात प्रत्येक वळणावर. शर्टाची खालची दोन बटणं लावायला त्रास व्हायला लागला तेव्हा बायकोनं विचारलं, "बाहेर काय खाऊन राहिले तुमी?" मी म्हणालो, काही नाही, हवा बदलली आहे.

तिच्या डोक्यात त्या दिवसांत खाण्याचाच विषय होता. तुपाची बरणी खाली चालली होती. बाबांना डॉक्टरांनी तूप बंद केलेलं, मी तूप कमी खातो, मग जातंय कुठं? संशय अर्थातच बाबांवर गेला. "मामाजी," ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची, "डॉक्टरनं काय सांगतलं हाये, आठवते ना?" बाबा वर आभाळाकडे पाहायचे. हो नाही की नाही नाही. त्यांच्या या गप्प बसण्यानं संशय पक्काच झाला आणि बरणी वरच्या फळीवर गेली.

मग तो बोडीचा प्रकार झाला. बाबा मागे बसलेले, पाळ संपली, उतार आला, मी ब्रेक मारला. तुपाचा वास आला, पण गाडी थांबली नाही. मागचा ब्रेक पायानं करकचून दाबला, चाक घसरत गेलं, आणि आम्ही दोघं बोडीच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपात शिरलो. पुढचं चाक पाण्यात. मी, बाबा लागलं का, असं पुन्हा पुन्हा विचारत होतो. बाबांची काठी मात्र अजून आडवीच होती. "अगा," ते शांतपणे म्हणाले, "बोडीत उतराचं होतं तं पहिले सांगाचं ना. धोतर वर खोचलं असतं."

घरी आल्यावर त्यांनी हेच मोठ्या हौशीनं सुनेला सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ती म्हणाली, "आजपासून मामाजी या गाडीवर बसनार नाही. तुमाले बोडीत जाचं असन तं तुमी जा, तुमाले पोहता येते." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मीच तिच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. ब्रेक नीट झाल्याशिवाय बाबांना बसवायचं नाही, असं ठरलं.

आणि धान तेव्हा गर्भावर आलेलं. म्हणजे ताटाच्या पोटात लोंब भरून आलेली असते, काही दिवसांत ती बाहेर पडते. त्याला धान निसवणं म्हणतात. बाबांनी आयुष्यात एकही वर्ष निसवा चुकवलेला नव्हता. तापात असले तरी बैलबंडीत झोपून गेलेले. आता ते रोज सकाळी विचारायचे, "झाली का गा गाडी?" मी म्हणायचो, होईल. एकदा ते म्हणाले, "होईन गा, होईन. पन धान का तुह्या गाडीसाठी थांबते? अन् पुढच्या सालचं कोनं पाह्यलं?" त्यानंतर माझं दुकानात मन लागेना.

आधी गाडी मोठ्या काचेच्या सर्व्हिसिंगच्या दुकानात नेली. तिथं गाडी आत जाते आणि आपण बाहेर सोफ्यावर. आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून काच असते, हे मला तिथं कळलं. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून आली. ब्रेकचे पॅड नवे. ब्रेक असा लागला की मी टाकीवर आदळलो. सोबत आरसे वाकडे झाले होते आणि पेट्रोल कमी झालं होतं, पण ते त्या दुकानाकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं होतंच. मी खूश झालो, बाबांना म्हणालो, या सुट्टीला जाऊ. सुट्टी यायच्या आत ब्रेक पुन्हा ढिला, आणि पुन्हा तो वास.

परत गेलो. टाय लावलेला माणूस म्हणाला, "सर, आपकी आदत है. उंगली ब्रेक पे रहती है आपकी. पॅड घिसता है." त्यानंतर आठवडाभर मी नुकतीच मेंदी काढून आल्यासारखी बोटं वर धरून गाडी चालवली. रस्त्यात ओळखीची माणसं वळून बघायची. ब्रेकला काही फरक पडला नाही.

मग फुलचूरच्या रस्त्यावरचा, कडुनिंबाखाली बसणारा मिस्त्री. हा तरी डोळ्यांसमोर काम करील, असं वाटलं. त्यानं चक्कर मारली, खर्रा सरकवला आणि ठरलेला प्रश्न टाकला. "घर में किसीने हाथ लगाया क्या इसको?" माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणालो, "आमच्या घरात कोणी हात लावत नाही! कोणाला पाना धरता येत नाही आमच्या घरात." यात मीही आलो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो म्हणाला, "गुस्सा मत हो सेठ, पूछना पडता है." मग त्यानं गाडी ठेवून जायला सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाला कल. दुसऱ्या दिवशी म्हणाला सामान नागपूरसे आएगा. तिसऱ्या दिवशी गेलो तर तो माझ्याच गाडीवर बसून खर्रा आणायला गेलेला. त्याला तो ट्रायल म्हणत होता.

त्यानं पॅड बदलले, ब्रेकचं तेल बदललं, मुठीजवळचा सिलिंडरही नवा टाकला. गाडी झकास थांबायला लागली. दोन दिवसांत पुन्हा तेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून इतका ओरडलो की निंबावरचे कावळे उडाले. तो म्हणाला, "सेठ, मेरे यहाँ से तो बराबर गई थी." मीही म्हणालो, इथून बरोबर जाते, घरी येऊन बिघडते, मग काय माझ्या घरात भूत आहे? आणि त्याच तिरमिरीत बाजारात जाऊन पान्यांचा अख्खा संच घेऊन आलो. आपला हात जगन्नाथ. मला कोणाची गरज नाही.

पुढचे काही दिवस सकाळचा वेळ कोठ्यात गेला. मोबाइलवर कोणीतरी दाखवायचा आणि मी करायचो. तो बोलायचा, "बस, इतना सिंपल है," आणि माझा बोल्ट जागचा हलायचा नाही. इंजिनचं तेल काढायला मी बायकोची पीठ मळायची परात घेतली. ती परत स्वयंपाकघरात गेली नाही, आणि त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकदा सगळं जोडून झाल्यावर एक बोल्ट हातात उरला. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "बैलाचं बरं होतं गा. त्याले खोलावं नाही लागे." मी तो बोल्ट खिशात घातला आणि दिवसभर गाडीचा कुठला भाग गळून पडतो याची वाट पाहिली. काही पडलं नाही. तो कशाचा होता, ते मला आजही माहीत नाही.

पण खरं सांगतो, मला गोडी लागली. हवेची जाळी उघडली तर आत धानाचा कोंडा भरलेला, राईस मिलच्या रस्त्यानं रोज जातो ना. इतक्या वर्षांत इतक्या दुकानांत गाडी गेली, ती जाळी एकाही पठ्ठ्यानं उघडलेली नव्हती. मी ती झाडून लावली आणि गाडी सुरू केली, तर आवाजच बदलला. सर्दी मोकळी झाल्यावर माणूस बोलतो तसा. मला इतका आनंद झाला की बायकोला हात धरून ऐकायला आणलं. तिनं ऐकलं, म्हणाली, "मले तं पहिल्यासारखीच वाटते." तिला परातीचा राग होता. बाबा मात्र म्हणाले, "मोकळी झाली." हे त्यांना बरोबर कळलं.

ब्रेक मी शेवटी ठेवला होता. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तेलाचं नाहीतर जाळीचं चुकलं तर गाडी बंद पडेल, ब्रेकचं चुकलं तर मी. पण निसव्याचे दिवस येऊन ठेपले होते. बाजार बंदच्या दिवशी सकाळी पुढच्या चाकाजवळ मांडी घालून बसलो. चाकासोबत फिरते ती पोलादी चकती, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा तो भाग, ज्यात पॅड असतात. दोन बोल्ट काढले आणि तो भाग हातात घेतला.

आतल्या कोपऱ्यात पिवळसर, चिकट काहीतरी साचलं होतं. त्यात एक काळपट तुकडा अडकलेला. मी बोट फिरवून नाकाशी नेलं, आणि मला भूक लागली.

मी बोट पुन्हा नाकाशी नेलं. मग बायकोला हाक मारली. ती लाटणं घेऊनच आली. मी बोट पुढं केलं. तिनं वास घेतला, पुन्हा घेतला, आणि डोळे बारीक करून म्हणाली, "हे तं माह्या बरणीतलं तूप हाये! अन् हळद बी हाये यात." मी तो काळपट तुकडा नखानं उकलला. अर्धा जळालेला, पण शिरा साफ दिसत होत्या. पळसाचं पान.

आम्ही दोघांनी एकदमच खाटेकडे पाहिलं. बाबा आभाळाकडे पाहत होते.

"बाबा," मी म्हणालो, "हे काय हाये?"

"पळसाचं पान होय."

"ते दिसून राहिलं. इथं कसं आलं?"

"खांदा शेकला तिचा," बाबा म्हणाले.

खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं तूपहळद लावून तो शेकायचा, आणि उद्या जेवायला या असं बैलाला आवतण द्यायचं. लहानपणी मी हे प्रत्येक वर्षी पाहिलं होतं. मोटारसायकलला खांदा असतो, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"तुले कोठून ठाव असन," बाबा म्हणाले. "शेतावरून आलो का मी तिच्यावर हात फिरवो. बाकी आंग थंडं लागे, अन् ते गोल चाकं तापून राहे. एक डाव बोट भाजलं माह्यं. बैलाचा खांदा जुवाखाली असाच तापे गा. जिथं तापते तिथंच दुखते. मंग तिथंच लावाचं ना?"

"पोळ्याला लावलं ते ठीक. पण त्यानंतर?"

"तू तिले दवाखान्यात नेत जास. ते लोकं ठोकपीट करतेत. घरी आली का मी थोडं लावून देवो. तूप पहिलेच वाटीत काढून ठेवलं होतं."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गोंदियातल्या दोन दुकानांशी भांडून आलो होतो, आणि गाडी दुरुस्त होऊन घरी आली की कोणी तिची मायेनं सेवा करत होतं. मला राग आला होता हे मी नाकारत नाही. बोडीचा काठ डोळ्यांपुढं आला. पण बायको आधी हसायला लागली. ब्रेकचं तेल बदललं, बरणीतलं तूप संपलं. "तेलही गेलं अन् तूपही गेलं," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग मलाही आवरेना. हसता हसता ती एकदम थांबली. "मामाजी, मंग मी इतकी बोलली तुमाले तुपासाठी. काऊन नाही सांगतले?"

"गाडीले लावतो म्हनलो असतो तं देली असतीस का?"

ती आत गेली आणि वरच्या फळीवरची बरणी खाली आणून ठेवली.

इथं सगळं संपायला हवं होतं. पण मी हसण्याच्या भरात बाबांना समजावून सांगितलं की ही चकती चिमटीत धरली की गाडी थांबते, आणि तिला तूप लागलं की चिमटा सुटतो. बाबांचं हसू गेलं. ते म्हणाले, "मंजे बोडीत तुले मीच नेलो होतो?"

मी म्हणालो, तसं नाही बाबा. पण तसंच होतं, आणि बाबांना खोटं कळतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाटेवर आडवे झाले. दुपारी मी म्हणालो, पॅड बदलले की उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊ. ते म्हणाले, "तू जाय. मी नाही येत आता गाडीवर. मले त्यातलं समजत नाही." इतके दिवस ब्रेकमुळे बाबा अडले होते. आता ब्रेक सापडला होता आणि बाबाच अडून बसले होते. धान निसवलं असणार, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला.

संध्याकाळी पॅड आणायला कडुनिंबाखाली गेलो. तूप प्यालेले पॅड कितीही घासले तरी कामाचे राहत नाहीत, एवढं मी आता शिकलो होतो. मिस्त्रीनं माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं. तरी सवय ती सवय. म्हणाला, "इसको किसने हाथ लगाया?"

"बाबांनी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तो इतका हसला की त्याला खर्रा थुंकावा लागला. ही गोंदियात साधी गोष्ट नाही, कारण तो त्यानं नुकताच तोंडात टाकला होता. मग डोळे पुसून म्हणाला, "सेठ, मैं तो पहले दिन से वही पूछ रहा था." त्यानं पॅड दिले, लावून देऊ का विचारलं. मी म्हणालो, मी लावतो. त्यानं मान डोलावली आणि जाता जाता मुठीएवढ्या डब्यात चेनचं तेल आणि एक जुना ब्रश दिला आणि चेनकडे बोट दाखवलं. "बाबाको बोलो, हाथ लगाना है तो यहाँ लगाओ."

मीही वाटभर तोच विचार करत आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅड लावले, चकती पेट्रोलनं घासून घासून पुसली. मग गाडी मधल्या स्टँडवर चढवून बाबांच्या खाटेजवळ नेली. "बाबा, तुमचं चुकलं कुठं सांगू का? दुखते तिथंच लावलं पाहिजे, हे बरोबर हाये. पण हिचा खांदा तिथं नाही. इथं हाये." मी चेन दाखवली. "इंजिन वढते ते सगळं इथून मागच्या चाकाले जाते. सगळं ओझं हिच्यावर."

बाबा उठून बसले. चेनला हात लावून पाहिला. "हे वढते?"

"हेच वढते."

"कोरडी पडली हाये," ते म्हणाले. आवाजात माझ्याबद्दल नाराजी होती. त्यांनी ब्रश मागून घेतला. मी मागचं चाक हळूहळू फिरवत राहिलो आणि ते एकेका कडीला तेल लावत गेले, घाई न करता, एकही कडी न सोडता. मी वर्षानुवर्षं गाडी चालवतो, पण माझ्या हातून इतकं नीट काम कधी झालेलं नाही. लावून झाल्यावर त्यांनी गाडीच्या सीटवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारायचे तशी. मग काठी घेतली. "चाल," म्हणाले.

बायको दारात उभी होती. फक्त "हळू जा" एवढं म्हणाली.

नहराच्या पाळीवर चढलो तेव्हा कोवळं ऊन नुकतंच पडलं होतं. उतार आला. मी मुद्दाम मध्यावरच ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. वास नाही, भूक नाही.

"काऊन थांबला?" मागून आवाज आला.

"थांबते का पाहून राहिलो."

"थांबली ना. चाल मंग, उतर."

खाली धान निसवलं होतं. साऱ्या बांध्यांत, धानाच्या एकूण एका तुकड्यात, हिरव्यावर फिकट लोंबा आल्या होत्या, अगदी धुऱ्यापर्यंत. बाबा उतरले, धुऱ्यावर गेले आणि उभे राहिले. मी बोडीवर हातपाय धुतले, बेशरमाच्या त्या मोडलेल्या झुडपाकडे पाहिलं आणि आपण इथवर दोघंही धड आलोय, याचा मला फार आनंद झाला. बाबांना हाक मारावीशी वाटेना. ते काही हलत नव्हते.

बऱ्याच वेळानं ते गाडीजवळ आले. पुढच्या चाकापाशी वाकले, त्या चकतीकडे बोट नेलं आणि वितभर अंतरावरच थांबवलं. तवा तापला का बघतात तसं.

"गरम हाये," ते म्हणाले.

"असू द्या बाबा. ते तिचं कामच हाये. हात नका लावू."

"नाही लावत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिथं काऊन लावो, सांगू का? ते थांबवते म्हून मले ठाव होतं, तुपानं सुटते हे नव्हतं ठाव. मांगं बसून दिसे मले, तू मूठ दाबली का ते पकडे. धावाले तं तुले कोनी शिकवाव नाही लागलं, लहानपनापासून धावतच हायेस. पन मी आता मांगं बसलो. मी का थांबवनार तुले? थांबवनारं तेच एक हाये. म्हून त्याची सेवा करो."

मी खाली बसलो आणि चेन ठीक आहे का ते उगाच पाहत राहिलो. डोळे भरून आले होते, आणि ते बाबांना दिसू नयेत असं वाटत होतं. त्यांना दिसले असावेत, कारण ते पुन्हा धानाकडे तोंड करून उभे राहिले.

येताना मी गाडी फार हळू आणली. पाळीवर एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. बाबांनी काठी आडवी धरलेलीच होती. दोनदा ते मागून म्हणाले, "हाक ना गा जरा."